सुटायचा राहिलेला दोर

रुबिना सोलकरने कुडाळहून सीडी पाठवली एसटीच्या कंडक्टरबरोबर,
पाकिटावर पेनाने: मॅडम, डावीकडे दोन आहेत. नीट बघा.

रात्रीचे साडेदहा. मालवणात वीज गेलेली,
इन्व्हर्टरवर एक पंखा आणि माझा लॅपटॉप.
पडद्यावर आत्माराम कोयंडे, वय एकसष्ट, तांडेल.
मी माउसचं चाक फिरवते
आणि त्यांच्या पोटात उतरत जाते
मिलिमीटर मिलिमीटरने.

महाधमनी.
तिला डावीकडे फुटलेली वाट, पुस्तकात असते तशी.
खाली. अजून खाली.
आणि पुस्तक जिथे गप्प बसतं तिथे
सुतळीएवढी दुसरी,
सरळ मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला गेलेली.
त्याच टोकावर गाठ, रातांब्याएवढी.

गर्भात मूत्रपिंड ओटीपोटात आकार घेतं,
मग वर सरकू लागतं.
जिथे पोचेल तिथे महाधमनीचा नवा दोर धरतं,
मागचा सोडतं.
सगळ्यांचे सगळे सुटत नाहीत.
चारातल्या एकाचा राहतो एखादा,
आणि तो माणूस जाळी ओढतो, लग्न करतो, भावाशी बांधावरून भांडतो,
त्याचं त्याला कधी कळत नाही.

कळतं ते सुरीला.

मिरजेत शिकत होते तेव्हा हौसाबाई होत्या, कवठ्याच्या.
चरबी बाजूला करताना सरांच्या कात्रीला काहीतरी लागलं,
काहीतरीच म्हणाले ते,
आणि आमच्या हातांखालचं सगळं तांबडं होऊन दिसेनासं झालं.
बाई वाचल्या. मूत्रपिंड गेलं.
सर हात धूत राहिले, नळ बंद करायचं विसरून.

तेव्हापासून मला ठाऊक आहे,
शिरा एकमेकींकडे जातात-येतात,
एकीची वाट बंद झाली तर दुसरी सांभाळून घेते.
इथल्या धमनीला शेजार नाही.
ती तुटली की तिच्या वाट्याचा तुकडा मरतो,
कडी वाजवायला दारच नसतं.

सकाळी राउंडला आत्माराम उठून बसलेले.
'दोन म्हणजे वायट काय गो?'
न बघता गेलं तर, म्हटलं.
त्यांनी माझं पेन घेतलं, रिपोर्टच्या पाठीवर किनारा काढला.
'हय दिवो. हय खडप, भरतेक दिसणा नाय.
बापाशीन दाखवल्यान म्हणान म्हायत.'
रिपोर्ट फाइलला लावला, खडप बाहेरच्या बाजूला ठेवून.

बाराव्या बरगडीखाली चीर.
पिवळी चरबी, हळूहळू.
लाल रबरी दोरा धमनीला, निळा शिरेला,
पिवळा मूत्रवाहिनीला.
दुसरा लाल मी हातात धरून शोधत राहिले,
आणि ती होती, रुबिनाने सांगितली तिथेच,
बोटाखाली टकटक करत.

डाव्या शिरेच्या मागे मात्र एक कमरेची शीर निघाली,
सीडीत न दिसलेली.
थांबले. बांधली. मग कापली.
कुठलाही नकाशा पुरा नसतो, हे मी मोठ्याने म्हटलं नाही.

क्लॅम्प मोठ्या धमनीला लावायचा असतो,
मग मूत्रपिंड उपाशी राहतं आणि घड्याळ ओरडू लागतं.
सिस्टर फिलोमिनाने विचारलंच, 'मिनिटं मोजू?'
मी क्लॅम्प त्या सुतळीला लावला.
फक्त तिला.
खालचं टोक जांभळं पडलं, गाठीसकट,
आणि वरचा सगळा भाग
गुलाबीच्या गुलाबी, जेवत राहिला.
रात्रभर जिची धास्ती घेतली
तिनेच हातात वेळ दिला.
'मोज,' म्हटलं, 'पण घाई नाही.'

तिसऱ्या दिवशी पिशवीतली लघवी
कोकम सरबतावरून साध्या पाण्याच्या रंगाला आली.
आत्माराम खिडकीकडे तोंड करून
बाहेरच्या होड्या मोजत होते, एक कमी भरत होती.
'तो दुसरो दोर,' मागे न बघता म्हणाले, 'कापलंस?'
नाही. ठेवलाय.
उरलेलं टोक त्याच्यावरच आहे.